आमच्या प्रांतातला जिना

ऑकलंडच्या फेरीबोटीत शेजारी बसलेला तो युरोपियन गृहस्थ तिकडच्या एका प्रांताच्या चित्रपट-निधीचा अधिकारी होता. ‘सहकार्य’ म्हणताना तो दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवायचा. जणू सुटली तर युरोप फुटेल.

वेगवेगळ्या देशांतल्या पाच प्रांतांनी मिळून सिनेमा काढला होता, परदेशी गेलेल्या मुलाची वाट बघणाऱ्या म्हातारीवर. पैसे देणाऱ्या प्रत्येकाला शूटिंग आपल्याच हद्दीत हवं, म्हणून बिचारी चहा एका देशात ओतायची आणि प्यायची दुसऱ्या देशात. पुण्यात माझी आई हेच काम एकाच स्वयंपाकघरात, विनाअनुदान करते.

“मुलगा येतो का हो शेवटी?” मी विचारलं.

त्यानं बोटं सोडवली. “ते शेजारच्या प्रांताकडे आहे. आमच्याकडे फक्त जिना होता. जिना मात्र अप्रतिम आलाय.”