ठिकाणादी आणि माझी फाइल

ही गोष्ट सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. आता सत्तरीला टेकलो. ठिकाणादीची नोकरी गेली ती माझ्यामुळे, एवढं तरी लिहून ठेवतो.

कोलकात्यात सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात पायथनचा प्रोग्राम अडला की ती एकच विचारायची, "ठिकाणा काय?" म्हणजे पत्ता. प्रोग्राम इतर तयार फाइली इम्पोर्ट करतो, म्हणजे आत ओढून घेतो. त्या कुठल्या फोल्डरातून आल्या, ते ती आधी बघायची. म्हणून बंगाली पोरांनी तिला हे नाव दिलं; दी म्हणजे ताई. तिचे वडील साताऱ्याचे, बँकेतले. ती इथेच वाढलेली. "काका, नाव ऐकून विश्वास नाही करायचा. कुठे राहतो ते विचारायचं."

निवृत्तीच्या तोंडावर मला पायथन तिनेच शिकवलं, दुपारचा डबा खाता खाता. माझ्या चुकांवर बाकीचे हसत. ती म्हणे, "एरर आला ना, छान! तो कधी खोटं बोलत नाही."

एकदा सरासरी काढायच्या सरावाची फाइल मी 'स्टॅटिस्टिक्स' नावाने सगळ्यांच्या फोल्डरात ठेवली आणि कौतुकाने तिला स्क्रीनवर दाखवली. कुठे ठेवली, ते तिने त्या दिवशी विचारलं नाही. त्याच नावाची फाइल पायथनची स्वतःचीही असते. पण तो आधी प्रोग्राम ज्या फोल्डरात असतो तिथे शोधतो, आणि तिचा प्रोग्रामही त्याच फोल्डरात होता. दुसऱ्या दिवशी ग्राहकासमोर तिच्या प्रोग्रामने माझी फाइल उचलली आणि तो कोसळला. ती केबिनमध्ये बोलणी खात होती, तेवढ्यात मी फाइल पुसून टाकली. प्रोग्राम सुरळीत चालू लागला.

"म्हणजे आपली चूक गुपचूप निस्तरलीस," साहेब तिला म्हणाले.

पायथन इम्पोर्ट केलेल्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवतो, हे मला ठाऊक नव्हतं. तिने ती शोधून सगळ्यांसमोर उघडली. "ही कोणाची?" तिने विचारलं आणि माझ्याकडे बघत थांबली. मी चष्मा पुसत राहिलो.

"सगळे वापरत असले तरी फोल्डर तुझ्या ताब्यात होता," साहेबांनी विषय संपवला. तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. तिने माझं नाव कुणालाच सांगितलं नाही.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती भेटली. लेकीला घेऊन आली होती. "काका, पायथन सुरू आहे ना?" म्हणत वाकून नमस्कार केला. 'माफ कर' हे दोनच शब्द बोलायचे होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा."