चालवून दाखवा

भेंडी मोडून बघितल्याशिवाय मी घेत नाही आणि नारळ कानाशी हलवल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. आमच्या इथले भाजीवाले मला लांबून येताना बघूनच तोंड फिरवतात. त्यामुळे लेकीने घोडा घ्यायचं काढलं तेव्हा बघायला मी सोबत जाणार, हे तिने मला विचारलंसुद्धा नाही, गृहीतच धरलं.

लेक आरे कॉलनीत लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. दुसऱ्याचे घोडे मागून आणायचा तिला वीट आला होता. तिथल्याच एका तबेल्यात शर्यतीतून काढलेला एक तपकिरी घोडा विकायला आला. देखणा, स्वभावाने अगदी गरीब. पण हा मध्यंतरी लंगडत होता, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पाठीवर कुणाचं तरी पोर असताना तो अडखळला तर? लोक घोड्याला नाही, माझ्या लेकीला धरतील.

तबेलेवाला बोलघेवडा निघाला. "मॅडम, एकदम झकास जनावर आहे. पोराला बिनधास्त बसवा." पायाचं त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. विचारलं तर हा थापच मारणार, त्यापेक्षा आपल्या डोळ्यांनी बघावं, असा माझा हुशार हिशेब. तोंडभर हसून म्हटलं, "जरा चालवून दाखवा ना. बघू दे कसा दिसतो ते."

त्याने घोडा मऊ मातीवरून फिरवला. मी आयाळीचं कौतुक करत होते आणि नजर खुरांवर ठेवली होती. मध्येच सहज वळून लेकीकडे पाहिलं. ती घोड्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला एकदम आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवली.

कॉलेजात कबड्डी खेळताना तिचा गुडघा गेला होता. ऑपरेशन झालं. आता चालते व्यवस्थित, दमली की मात्र पाय थोडा ओढते. गेल्या वर्षी तिला बघायला एका मुलाकडची मंडळी आली. पोहे झाले, गप्पा झाल्या, सगळं छान चाललेलं. मग मुलाची आई म्हणाली, "बाळ, जरा पाणी आणतेस?" त्या बाईसमोरच पाण्याचा भरलेला ग्लास होता. लेकीने ग्लासाकडे पाहिलं, उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन आली. जाताना आणि येताना त्या सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांवर. पुढे पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप आला. मी त्या बाईला घरात बसून जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील.

आणि आता मी तेच करत होते, वर हसत होते. मला माझीच लाज वाटली. लेकीचा दंड धरून म्हटलं, "चल गं, निघू. मला नाही जमत हे."

"का? बघायला तर पाहिजेच ना, आई. पोरं बसणार आहेत त्याच्यावर."

"मग तू अशी का बघत होतीस माझ्याकडे?"

"तू पाणी मागत होतीस म्हणून." ती शांतपणे म्हणाली. "त्या काकूंनी सरळ विचारलं असतं ना, तर मी गुडघा दाखवला असता. रिपोर्टपण दाखवले असते. तूपण सरळ विचार."

मग तिनेच तबेलेवाल्याला गाठलं. "काका, कुठला पाय दुखावला होता?"

तो जरा घुटमळला, मग सांगू लागला. पुढचा डावा. शर्यतीत शीर दुखावली, बरेच महिने नुसता बांधून ठेवला होता. आता लंगडत नाही, पण उड्या मारायला लावू नका. तिने वाकून त्या पायावरून हात फिरवला. एका जागी थोडं जाड लागलं, पण गरम नव्हतं, म्हणजे दुखणं जुनं होतं. डॉक्टरांना दाखवून मगच घेईन, असं तिने सांगितलं, तोही हो म्हणाला.

"मातीत काय कळणार? कडक रस्त्यावर दुडकत नेला पाहिजे," ती म्हणाली आणि लगाम स्वतःच हातात घेतला. घोडा दुडकवायचा म्हणजे शेजारून माणसाला पळावं लागतं. ऑपरेशन झाल्यापासून तिला पळताना मी पाहिलं नव्हतं. दोघं डांबरी रस्त्यावरून वळणापर्यंत गेली आणि परत फिरली. लंगड्या घोड्याची मान हिसकते, याची एकसारखी होती, पाय सरळ पडत होते. लेकीचा पाय शेवटी शेवटी ओढत होता. मी तो बघितला, उघड बघितला.

ती धापा टाकत समोर आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "त्याचा बरा आहे गं. माझाच दुखतोय."

"बस तू," मी म्हटलं. "पाणी मी आणते."