झुराकानच्या पिशव्या

काराकोलच्या बाजारात दोन गोष्टी चुकत नाहीत: डोंगरावरचा बोचरा वारा आणि फाटकात उभी झुराकान एजे. वारा निदान बोलत नाही. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या या एजेने, म्हणजे सगळ्यांच्या ताईने, गावाला प्लास्टिक सोडायला लावायचा विडा उचलला होता. जुने पडदे फाडून शिवलेल्या पिशव्या ती येईल त्याच्या गळ्यात मारी.

"कोथिंबिरीच्या जुडीला पिशवी, त्या पिशवीला आणखी पिशवी! थंडी वाजते का रे तिला?"

लोक हसून कापडी पिशवी घेत आणि आतून ती प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरून आणत.

मग तिच्या धाकट्याचं, उलानचं, लग्न ठरलं आणि बाजाराला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लग्नातलं मटण, मिठाई पाहुणे केशिक म्हणून घरी नेतातच. त्यासाठी ताटाशेजारी प्लास्टिकची पिशवी मांडलेली असते. पाहुणा रिकाम्या हाताने गेला तर यजमानाचं नाक कापलं जातं. म्हणजे पिशवी मांडली तर 'लोका सांगे ब्रह्मज्ञान', नाही मांडली तर कंजूष. गावाला दोन्ही चालणार होतं.

"आई, एक दिवस तुझी तत्त्वं कपाटात ठेव ना."

"कपाटात तुझा कोट आहे. जागा नाही."

अख्खा हिवाळा ती मशीनवर वाकून बसली. प्रत्येक पाहुण्यासाठी एक पिशवी, तिच्यावर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी. लग्नाच्या दिवशी जेवण सोडून ती प्रत्येक ताटाशेजारी एकेक पिशवी मांडत फिरली.

"अगंबाई, काय सुबक!" विहीणबाई गुलसुन पिशवी छातीशी धरून म्हणाली. "हिच्यात चरबीचं मटण घालू? हात झडतील माझे!" आणि तिने पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढून फर्रकन झटकली. सगळ्या टेबलांवर फर्रफर्र सुरू झाली. मटण प्लास्टिकात, प्लास्टिक कापडात. काही जणींनी तर नक्षी मळू नये म्हणून कापडी पिशवीच प्लास्टिकात गुंडाळली. जो तो एजेचं तोंड भरून कौतुक करत होता. तिला रडावं की हसावं कळेना.

पांगापांग झाली तेव्हा गुलसुन पुन्हा आली.

"विहीणबाई, दिवसभर तुमच्या पोटात काही नाही. तुमचं केशिक मी वेगळं काढलंय. तुमच्या पिशव्या मात्र संपल्या हो."

हातात तुडुंब भरलेली, गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी होती.

व्याह्यांनी प्रेमाने दिलेलं केशिक नाकारायचं नसतं. झुराकानने ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि नवरदेवाने ताबडतोब फोटो काढला.