एकेचाळीस नंबरची भिंत

२८ नोव्हेंबर. कोहळ्याच्या वड्या घालायच्या होत्या. उडदाची डाळ सकाळीच वाटली होती, आणि वाटलेली डाळ कोणासाठी थांबत नाही. म्हणून आठ वाजताच मी आणि आमच्याकडे भांडी घासणारी बाई, अशा दोघी गच्चीवर होतो. मी कोहळा किसत होते, ती परातीत डाळ फेटत होती. तिने फेटलेल्या डाळीचा गोळा पाण्यात तरंगतो. माझा बुडतो.

बाई मूळची गोंदियाकडची. लग्न करून इथे छत्तीसगढात आली, नवरा इथलाच होता, तो वारला. आमच्या कॉलनीमागे नाला आहे, त्याच्या काठावर तिची मातीची झोपडी. नाल्यावरच्या लोकांना हटवून निगम, म्हणजे इथली महापालिका, पक्क्या खोल्या देणार होतं. यादीत नाव असेल त्याला खोली, नसेल त्याला रस्ता. बाईचं नाव यादीतून गेलं होतं आणि ते परत यावं म्हणून दिवाळी झाल्यापासून आम्ही दोघी निगमच्या जोन ऑफिसात, म्हणजे विभाग कार्यालयात, खेटे घालत होतो.

नाव गेलं ते असं. पावसाळ्यात निगमची माणसं आली आणि प्रत्येक झोपडीच्या पुढच्या भिंतीवर लाल पेंटने नंबर टाकून गेली. हिचा एकेचाळीस. मग दिवाळी आली. दिवाळीला इथे मातीची घरं छुईने, म्हणजे पांढऱ्या मातीने, पोतारतात. वस्तीतल्या शहाण्या बायांनी नंबराभोवती चौकोन सोडून बाकीची भिंत पोतारली. हिला भिंतीवर तो लाल डाग बघवेना. तिने नंबरासकट पोतारलं. काम अर्धवट सोडायचं नाही हे मीच तिला इतकी वर्षं शिकवलं होतं. बुडाला काळं राहिलेलं भांडं मी परत मोरीत टाकते.

दिवाळीनंतर निगमची दुसरी माणसं आली, नंबर बघून खोलीच्या चिठ्ठ्या देऊन गेली. हिच्या भिंतीवर नंबर नाही, म्हणून यादीतलं नाव खोडून लिहिलं, ‘नया कब्जा’.

“मंग तेव्हाच पुसून कावून नाही दाखवलं त्यांना?” मी चिडून विचारलं होतं.

“मी त कामावर होती ताई. तुमच्याकडंच.”

मी तिच्याबरोबर झोपडीवर गेले आणि ओल्या फडक्याने भिंत पुसली. छुई उतरली, खालून एकेचाळीस निघाला, चांगला ठसठशीत. मोबाइलवर फोटो काढला आणि अर्जासोबत जोन ऑफिसातल्या बाबूला दाखवायला नेला. बाबूने फोनकडे मान वळवली नाही.

“पेंट तो बाजार में भी मिलता है, मैडम.”

मी म्हटलं, येऊन पाहा. त्याने अर्जावर ‘स्थल निरीक्षण’ असं लिहिलं, शुक्रवारी येतो म्हणाला आणि अर्ज दुसऱ्या कागदांच्या खाली सारला.

आणि त्या दिवशी गुरुवार होता. पहिलं ताट वड्यांनी भरत होतं तेवढ्यात नाल्याकडून बुलडोझरचा आवाज आला. शेजारीण तिच्या गच्चीवर चहा घेऊन उभीच होती.

“वहिनी, आली बघा गाडी! आपल्या अर्जाचं फळ मिळालं एकदाचं.”

दोन वर्षांपूर्वी कॉलनीने निगमला अर्ज दिला होता. त्यावर दुसरी सही माझी आहे.

“अर्ज नाला साफ करायचा होता,” मी म्हटलं.

“मंग तेच त करून राहिले!” ती हसली आणि बशीत चहा ओतला.

बाई डाळीचे हात तसेच घेऊन पळाली. मी परातीवर फडकं टाकलं आणि तिच्यामागे गेले.

चिठ्ठ्या मिळालेल्यांनी सामान आधीच बाहेर काढलं होतं. त्यांना रात्री सांगून ठेवलं होतं. हिला कोणी सांगितलं नव्हतं, निगमच्यांनी नाही आणि शेजारच्यांनीही नाही; बहुतेक सगळ्यांना वाटलं असेल, एक माणूस कमी तर खोली जरा बरी मिळेल. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. एका पोलीसबाईने तिचा दंड धरून ओढलं. “चल अम्मा, नौटंकी बाद में.” मी आत जाऊन पेटी आणि दोन पातेली बाहेर आणली, तेवढंच जमलं. मातीच्या घराचा फार आवाज होत नाही. एकदा धप्प झालं आणि धूळ उडाली.

यादी घेऊन उभा असलेला माणूस तिला म्हणाला, “अच्छा हुआ, अगले साल पुताई नहीं करनी पड़ेगी.” बाकीचे हसले. चिठ्ठ्यावालेही हसले.

भिंतीचा एक तुकडा उताणा पडला होता. त्यावर चार आणि एक, दोन्ही आकडे शाबूत. बाई रडत होती. मी म्हटलं, “रडनं नंतर. हे उचल.” आम्ही तो तुकडा घमेल्यात घातला आणि ऑटोने जोन ऑफिसात नेला.

या वेळी बाबूने पाहिलं. उठून, वाकून पाहिलं. शेजारच्या टेबलवाल्यालाही बोलावलं.

“यह तो दीवार है. घर कहाँ है?”

“आपने तोड़ दिया.”

“तो फिर निरीक्षण किसका करूँ, मैडम?”

चपराशी तोंडावर हात धरून हसला. बाबूने आमचा अर्ज खालून शोधून काढला, जागेवर बसूनच त्यावर लिहिलं, ‘स्थल पर कोई निर्माण नहीं पाया गया’, आणि सही केली. मग म्हणाला, “इसे बाहर रखिए, मिट्टी गिर रही है.”

संध्याकाळी बाई पेटी घेऊन आमच्या पायरीवर आली.

“ताई, गच्चीवरची खोली रिकामीच आहे न? पंधरा दिवस फक्त. मंग जाईन मी जामुलले, बहिणीकडं.”

“मंग आत्ताच जा न जामुलले.”

“तिचा नवरा नाही ठेवत.”

“खोलीत गाद्या आहेत.”

“मी कडंला झोपीन. हात नाही लावणार गाद्यांले.”

मी नाही म्हटलं. पंधरा दिवसांसाठी आलेलं माणूस वर्षभर निघत नाही हे मी पाहिलेलं आहे, आणि ते काढायला मला कोणी बुलडोझर देणार नाही. तिला हे असंच सांगितलं. तिने मान हलवली. सकाळपासून मोरीत पडलेली भांडी घासली, पालथी घातली आणि पेटी डोक्यावर घेऊन गेली. कुठे झोपणार, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर यायच्या आत मी गच्चीवरच्या खोलीला कुलूप घातलं. मग खाली येऊन चहा ठेवला आणि निगमच्या आयुक्तांच्या नावाने नवा अर्ज लिहायला बसले, की एका विधवा महिलेला बेघर करण्यात आलं आहे, तरी तिला राहायला ताबडतोब जागा देण्यात यावी.