मी उघडलेली पत्रिका

“माझ्या पोरीचा फोटो कोणाले देला तू? सांग!”

दुकानात पाच-सहा माणसं होती. माझ्या सुनेचा चेहरा पांढरा पडला. “काकी, मी कोणालेच नाही देला.”

“तुह्यापाशीच कागद देले होते ना? मग फोन काहून येऊन राहिले?”

करडी गावात बस थांब्यासमोर आमचं फॉर्म भरायचं दुकान होतं. ओरडणारी बाई आमच्याच गल्लीतली. सुनेनं तिच्या मुलीचा नर्सिंगचा फॉर्म भरला होता. नंतर मुलीला अनोळखी माणसांचे घाण फोन यायला लागले. फॉर्मवरचा तिचा चेहरा उघड्या बाईच्या अंगावर चिकटवून तिलाच पाठवला कोणीतरी. बाप म्हणाला, शिक्षण बंद.

मी मागे स्टुलावर बसून झेरॉक्सचे कोरे कागद नीट लावत होते. ते नीटच होते.

सून दुपारी जेवायला घरी जाई, तेव्हा दुकानात मी बसायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. प्रिंट तेवढी काढता यायची. लोक दुकानाच्या व्हॉट्सअपवर कागद पाठवत, ते कंप्युटरवर दिसत. ती बाई ओरडत येण्याच्या पंधरा दिवस आधी त्यात एक पत्रिका आली. वर गणपती, खाली मराठीत ‘शुभविवाह’. नंबर ओळखीचा नव्हता.

आमच्याकडे पत्रिका न बघता ठेवत नाहीत. ‘पाहिलीच नाही’ म्हटलेलं कोणी मानत नाही. लग्न चुकलं तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. माझ्या सख्ख्या मावशीशी झालं होतं. म्हणून मी ती उघडली. खरं सांगायचं तर कोणाचं लग्न, हे सुनेच्या आधी मला कळायला हवं होतं.

इंग्रजीत लाल चौकट आली. अशी चौकट आली की सून डावीकडचं बटण दाबते, हे मी पाहिलं होतं. दाबलं. दुसरी आली, तिलाही दाबलं. पत्रिका काही उघडली नाही. मी कोणाला बोलले नाही.

त्यानंतर कंप्युटर रखडायला लागला. कोणी काम करत नसतानाही नेटच्या डब्याचा दिवा लुकलुकत राहायचा. सून म्हणाली, मशीन जुनी झाली.

बाई ओरडून गेली, तेव्हा सुनेनं भंडाऱ्याहून दुरुस्तीवाला बोलावला. तासभर बघून तो म्हणाला, “हे पत्रिका नाही, वहिनी. पत्रिकेच्या नावाचा प्रोग्राम आहे. लाल चौकटीनं अडवलं होतं, पण कोणीतरी ‘चालू दे’ म्हटलं. त्यानं आत बसून मागचं दार उघडून ठेवलं. कंप्युटर सुरू केला का तोही सुरू होते. तुम्ही टाइप कराल ते, तुमचे पासवर्ड, लोकाइचे कागद, सारं नेटवरून बाहेर जाऊन राहिलं.”

“कवापासून?”

त्यानं तारीख सांगितली. वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं.

सुनेनं माझ्याकडे एकदा पाहिलं.

“त्या वक्ताले कोण बसलं होतं?” त्यानं विचारलं.

“मीच,” सून म्हणाली.

मी तिथंच होते.

घरी तिनं मला ताट वाढलं आणि विचारलं, “आई, लग्न कोणाचं होतं?”

“मले नाही माहीत.”

ती उठून गेली. मी जेवले. पुरं जेवले, हेही सांगून टाकते.

सुनेनं घरोघर जाऊन पासवर्ड बदला, नंबर बदला म्हणून सांगितलं. लोकांनी उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. चूक कबूल केली म्हणजे फोटोही हिनंच विकला, असं गावानं धरलं. त्या दिवाळीपर्यंत दुकान बंद झालं.

मुलीचा बाप पुढच्या वर्षी नरमला आणि मुलगी नर्सिंगला गेली. तेव्हा मी तिच्या आईकडे जाऊन खरं सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

“आता कायले सांगतेस, बुढे?” ती म्हणाली. “तवा तर कागद लावत बसली होतीस.” सूप काही थांबलं नाही.

तिनं गावात सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. सुनेकडे काम घेऊन कोणी परत आलं नाही. ती आता साकोलीला कपड्यांच्या दुकानात उभी असते.

फाईल मी उघडली. वर्ष त्या मुलीचं गेलं, बोलणी सुनेनं खाल्ली. मला काहीच झालं नाही.