तहहयात सल्लागाराचा हयातीचा दाखला

सहा आठवड्यांपूर्वी मुग्धाचा डीमन गावाहून फोन आला तेव्हा मी सायकलला कुलूप लावत होते. "बाबा गेले गं सकाळी," ती म्हणाली. आणि मग, "तुझ्यासाठी पाकीट ठेवलंय. वर नुसतं 'सचिव' लिहिलंय." तिचे बाबा म्हणजे आमचे नाना. मी इथल्या मराठी मंडळाची सचिव; मंडळाच्या कामात त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही.

नानांची सारी नोकरी विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात कारकून म्हणून गेली. नेमलेले सदस्य येतात, सही करतात आणि डुलक्या घेतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. नेमणुकीची पद्धत सुधारावी म्हणून साहेबांना तीनदा टिपण दिलं. तिन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर नाही. निवृत्तीनंतर ते इकडे परदेशात लेकीकडे आले आणि आमच्या मंडळानं वयाचा मान म्हणून त्यांना तहहयात सल्लागार नेमलं. असे चौघं. त्यांच्या संमतीशिवाय मंडळाचं पान हलत नसे... "अगं, हे तर तेच सभागृह!" नाना म्हणाले. "मी विमानानं आलो, तरी ते माझ्याआधी पोचलं!"

लॉकडाऊनमध्ये घरी अडकल्यावर त्यांनी मंडळाच्या घटनेची दुरुस्ती लिहायला घेतली. पेन्शनसाठी त्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागे. तसाच प्रत्येक सल्लागारानं मंडळाला द्यावा, वर्षभरात काय केलं ते सांगावं, आणि सभासदांनी मत देऊन त्याला ठेवावं किंवा काढावं. ऑनलाइन बैठकीत रॉटरडॅमचे अप्पा, सल्लागारांत सर्वांत ज्येष्ठ, खवळले. "आम्ही जिवंत आहोत हे दिसत नाही का तुला, नाना?" एवढ्यात त्यांचंच चित्र गोठलं, तोंड उघडं. नाना शांतपणे म्हणाले, "सचिव, नोंद करा. पुरावा अपुरा."

हसण्यात बैठक संपली आणि दुरुस्ती लटकली. मी तेव्हाच मत घ्यायला हवं होतं. पुढच्या बैठकीला नाना नव्हते.

पाकिटात दाखल्याचा नमुना होता, स्वतः नानांनी भरलेला. 'वर्षभरात केलेलं काम' या रकान्यात लिहिलं होतं, 'काही नाही. मला काढावे.' बैठकीत मी तो वाचून दाखवला. स्क्रीनवर कोणी हललं नाही. या वेळी नेट ठीक होतं. मग अप्पा म्हणाले, "घे मत. मी हात वर केलाय, दिसतोय ना?"

दुरुस्ती मंजूर झाली. दाखल्यात काहीतरी लिहिता यावं म्हणून अप्पा आता माझ्याकडे काम मागतात. नानांचा दाखला मी फाइलला लावलाय. खाली सचिवाच्या शेऱ्याची जागा मोकळी होती. तिथे लिहिलं, 'माहिती खोटी. अर्ज फेटाळला.'