परत पाठवलेली खारी

मी वाटेत आडवी उभी राहिले नसते, तर ती गाढवं सरळ चाळीपर्यंत गेली असती. सहा गाढवं होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर दोन्ही अंगांना खारीच्या गोण्या होत्या. वैशाखातली सकाळ होती. मी गाढववाल्याला सांगितलं, माल परत ने, यंदा चाळीवर खारी पडायची नाही. त्याला ती थट्टा वाटली. मी थट्टा करत नव्हते. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि थट्टा मला आवडत नसे.

आमच्याकडे निम्मं गाव धाब्याच्या घरांत राहायचं. लाकडी सऱ्यांवर कामट्या, कामट्यांवर मातीचा जाड थर, असं ते सपाट छप्पर. उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात. मग पावसाळ्याच्या आधी गावाबाहेरच्या खारवट जागेतली पांढुरकी माती आणून वर पसरायची आणि पायांनी दाबायची. हीच खारी. पाणी लागलं की ती फुगते आणि भेगा बुजवते. हे दर वर्षी करावं लागतं. एक वर्ष चुकलं तरी छप्पर ते विसरत नाही.

नगरपालिकेने सफाई कामगारांसाठी बांधलेली दहा खोल्यांची चाळ अशीच धाब्याची होती. बांधल्यापासून तिच्यावर खारी टाकली ती तिथे राहणाऱ्या बायकांनीच. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. वैशाख आला की बायका पदर खोचून शिडीवर चढायच्या.

माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. मी अक्षरं पाटीवर शिकले नाही, छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर शिकले, उलटी. घरात पोथ्या कमी आणि हस्तपत्रकं जास्त होती. संपाची, निवडणुकीची, सत्याग्रहाच्या काळातली पिवळी पडलेली. वडील प्रत्येकाची एक प्रत ठेवायचे आणि मी ती जेवताना वाचायची. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी जुन्या प्रुफांच्या गठ्ठ्यात मला नगरपालिकेची एक पुस्तिका सापडली, आमच्याच यंत्रावर छापलेली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की कामगारांच्या चाळीची देखभाल नगरपालिका करील आणि बांधकाम समिती दर वर्षी पावसाळ्यापूर्वी पाहणी करील. बायकांना विचारलं. समितीचा एकही सभासद त्या चाळीत कधी आलेला नव्हता.

माझं पहिलं पत्रक मीच लिहिलं आणि मीच जुळवलं. त्याचा सारांश एका वाक्यात होता: जे काम पालिकेचं आहे ते आपण करायचं नाही. यंदा खारी टाकू नका. छप्पर उघडं राहू द्या. समितीला यावंच लागेल.

चाळीपुढच्या निंबाखाली मी ते वाचून दाखवलं. शेवटच्या, कडेच्या खोलीत एक म्हातारी एकटी राहायची. सगळी चाळ तिला मावशी म्हणायची, मीही म्हणायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पानी काय तुन्हा कागद वाचीसन पडस का, माय?"

बायका खो खो हसल्या. मग मी बोलले. म्हटलं, तुम्ही दर वर्षी भेगा बुजवता, म्हणून त्यांना भेगा दिसत नाहीत. हसणं थांबलं. एकेकीने मान डोलावली. माझा मुद्दा तेव्हाही चुकीचा नव्हता आणि आजही नाही. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

गाढवं मावशीने बोलावली होती, सवयीने, पत्रकाच्या आधीच. ती मी परत पाठवली. त्याच दिवशी दुपारी मावशी छापखान्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही. हळू आवाजात बोलली.

"तुन्ही गोट खरी शे, माय. पन मन्ही खोली कडले शे. पहिलं पानी मन्हाच घरमा येस. मन्हापुरती दोन गोन्या टाकू दे."

मी तिला एकीवर व्याख्यान दिलं. एका छपरावर खारी पडली तर समिती म्हणेल, एकीला जमतं तर दहांना का जमत नाही. माझ्या हातात जुळवणीची पट्टी होती आणि डोक्यावर छापखान्याचे पत्रे होते. ती ऐकत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि गेली. तिने माझ्याकडे परवानगी का मागावी, हे मला त्या वेळी विचारावंसं वाटलं नाही. मागितली, म्हणजे तिला पटलं आहे, एवढंच मी धरलं.

आषाढात छपरं गळू लागली. खोल्याखोल्यांत पातेली, डबे, घमेली मांडलेली. बायका माझ्याकडे बघायच्या आणि मी पालिकेच्या कचेरीकडे बघायची. श्रावणात एका दुपारी मावशीच्या खोलीची मातीची भिंत, कितीतरी दिवस भिजलेली, बाहेरच्या अंगाला बसली. ती तेव्हा निंबाखाली भाकरी खात होती, म्हणून वाचली. चूल, फडताळ आणि नवऱ्याचा जुना कोट चिखलात गेला.

मी दुसरं पत्रक काढलं, मोठ्या खिळ्यांत. आणि समिती आली. तीन सभासद, त्यांच्यामागे छत्री धरलेला शिपाई आणि बगलेत वही घेतलेला ओव्हरसियर. मी त्यांच्याबरोबर खोलीखोलीतून फिरले. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी अभिमान वाटत होता. ओव्हरसियर एकेका खोलीचं नाव वाचत होता आणि कामगार पुढे होत होता. पडलेल्या खोलीशी तो थांबला. एका सभासदाने मावशीकडे बोट करून विचारलं, ही कोण? वहीत तिचं नाव नव्हतं.

तेव्हा मला कळलं की मावशीचं काम चार वर्षांपूर्वीच सुटलं होतं. गुडघे गेले होते. नवरा त्याआधीच वारला होता. नोकरी सुटली की महिन्याच्या आत खोली सोडायची, असा नियम होता. चाळीला हे ठाऊक होतं आणि चाळ गप्प होती. त्या गप्प राहण्यावरच ती टिकून होती, म्हणून दोन गोण्यांसाठीही चाळीने ठरवलेलं मोडायची तिची हिंमत नव्हती. मी खोल्या मोजल्या होत्या, माणसं मोजली होती, नळाला पाणी किती वेळ येतं तेही लिहून घेतलं होतं. तू इथे कशाच्या आधारावर राहतेस, हा एकच प्रश्न मी तिला विचारला नव्हता.

कडेच्या दोन खोल्या धोकादायक ठरवून उतरवल्या. शेजारच्या खोलीतल्या कामगाराला शाळेमागची कोठी मिळाली. मावशीला काही मिळालं नाही, कारण कागदावर ती बेघर झालीच नव्हती. ती तिथे राहतच नव्हती.

मी ओव्हरसियरला कचेरीच्या पायऱ्यांवर गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तो पन्नाशीचा, शांत माणूस होता. चष्मा पुसत म्हणाला, "ताई, ती खोली माझ्या वहीत चार वर्षं बंद अशी लिहिलेली आहे. मीच लिहीत होतो. तीन सभासदांच्या देखत उघडं दार बंद कसं लिहू?"

मी म्हटलं, मग मेहेरबानी करण्यापेक्षा नियम का नाही बदललात? म्हाताऱ्या कामगाराला डोक्यावर छप्पर राहावं, असा ठराव का नाही झाला?

"तसं कुणी मागितलं नाही," तो म्हणाला. "तुमच्याही पत्रकात नव्हतं."

मी तिसरं पत्रक काढलं, त्यात ते होतं. समितीने ते दाखल करून घेतलं. एवढंच.

त्याहून वाईट गोष्ट आमच्या घरात झाली. मी मावशीला छापखान्यामागच्या पडवीत राहायला घेऊन आले. आईने तिला पाहिलं, मग पडवीला लागून असलेल्या पाण्याच्या रांजणाकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. आई कधी ओरडत नसे. नगरपालिकेशी मी भर चौकात भांडले होते. त्या रांजणापाशी मी नुसती उभी राहिले. मावशीने गाठोडं खालीसुद्धा ठेवलं नाही. माझं सामान थोडं आहे, कुठेही मावेल, असं काहीतरी म्हणून ती मागच्या दाराने निघून गेली. वडिलांनी छपाईयंत्राची पायपट्टी मारणं थांबवलं नाही. त्या दिवशी आमच्या घरात कुणीही एक वाक्य बोललं असतं, तर ती राहिली असती.

अक्कलकुव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या शेवटी, तिने पऱ्हाट्यांची खोप घातली. कापूस वेचून झाल्यावर शेतात ज्या वाळक्या काड्या उरतात, त्यांच्या भिंती आणि वर तसलंच छप्पर. मी तिथे जाण्याचं टाळत राहिले. कामं पुष्कळ होती, असं मी स्वतःला सांगायची.

पुढच्या वैशाखात मी स्वतः जाऊन त्याच गाढववाल्याला माल सांगितला. चांगली, चाळलेली खारी आणायला लावली आणि सहा गाढवं घेऊन रस्त्याने निघाले. मावशी खोपीसमोर बसली होती. तिने गोण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"ह्या छपरले खारी लागत नही, माय."

काड्यांच्या छपरावर माती कशी राहील? धाब्यांच्या गावात जन्मलेल्या मला एवढंही सुचलं नव्हतं. गाढववाला विचारू लागला, रिकामं कुठे करू. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चाळवर ली चाल," ती त्याला म्हणाली. "त्या पोरीस्ले आजून दाबता येत नही."

आणि ती गाढवांच्या पुढे चालू लागली. चाळीच्या आठ खोल्या उरल्या होत्या. पालिकेने दुरुस्ती मंजूर केली होती, पण पत्रे यायचे होते. ते पुढे दोन वर्षांनी आले. मी शिडी धरली. मावशी एकेक पायरी थांबत वर चढली आणि चाळीत नव्याने आलेल्या सुनांना खारी कशी पसरायची, टाच कुठे द्यायची, पन्हळीकडे उतार कसा ठेवायचा, ते दाखवू लागली. मधूनच कुणाला तरी टोमणा मारायची आणि वर हशा व्हायचा. मी खालून फक्त पाय पाहत होते.

दिवस कलला तेव्हा सगळ्यांच्या शेवटी ती उतरली. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत पांढरे झाले होते. जिथे तिची खोली होती तिथे आता सपाट जमीन होती. त्यावरूनच ती रस्त्याला लागली. मी शिडी धरून होते, अजून कुणीतरी उतरायचं राहिलं आहे अशी.